मांजर : घरातले की गावातले?
(बीड जिल्ह्यातील प्लेगच्या अनुषंगाने एक विचार)

पाळलेले मांजर घरातच ठेवावे की त्याला बाहेर मोकळे हिंडू द्यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतिहासाच्या अभ्यासकाचा वाटत नाही. तो गृहिणीचा, फार तर पशुवैद्याचा प्रश्न आहे, असेच कोणीही म्हणेल. परंतु समाजाच्या नित्य व्यवहारातील पुष्कळ प्रश्न असे असतात की, त्यांचे आजचे उत्तर कालच्या परिस्थितीत घडलेले असते. परिस्थिती पालटली तरी उत्तर मात्र तेच राहते. मांजराला मोकळे सोडण्याची आपली रीत याच जातीची आहे. ती का पडली, तिच्यामागे कोणता हिशेब होता आणि तो हिशेब आज कितपत जुळतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बीड जिल्हा हे क्षेत्र मुद्दाम निवडले आहे. १९६६ नंतर अठ्ठावीस वर्षे भारतात माणसास प्लेग झाल्याची नोंद नव्हती. १९९४ साली तो पुन्हा प्रकटला तो याच जिल्ह्यातील मामला या गावी. ज्या प्राण्याला आपण उंदरांचा काळ मानतो, त्याची जागा कोणती हे ठरविताना उंदरांच्या रोगाचा विचार टाळता येणार नाही.

१. ग्रंथांतील मांजर

मांजराच्या मोकळेपणाविषयीचा आपल्याकडील सर्वांत स्पष्ट उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. चौथ्या अधिकरणात कौटिल्याने अग्नी, पूर, रोग, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस अशी आठ दैवी महाभये सांगून त्यांवरील उपाय दिले आहेत. उंदरांचे भय उपस्थित झाले असता मांजरे व मुंगसे मोकळी सोडावीत, असे तो सांगतो. त्यांना जो पकडील अथवा मारील त्याला बारा पणांचा दंड आहे. आपला कुत्रा जो आवरून धरणार नाही त्यालाही तोच दंड आहे; अरण्यात राहणाऱ्यांना मात्र त्यातून सूट दिलेली आहे. याशिवाय निवडुंगाच्या जातीतील स्नुहीचा चीक लावलेले धान्य टाकून ठेवावे, प्रसंगी लोकांवर उंदीर मारून देण्याचा कर बसवावा, असेही उपाय त्याने सुचविले आहेत.

या विधानांतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कुत्र्याला आवरावे आणि मांजराला सोडावे, असा स्पष्ट भेद येथे केला आहे. कारण मोकळ्या कुत्र्यापासून मांजराला धोका असतो. दुसरे असे की, येथे मांजर एखाद्या गृहस्थाचे असे समजलेले नाही. ते जनपदाच्या कामी लागलेले आहे, आणि त्याला धरून घरात ठेवणारा मनुष्य सार्वजनिक हिताला बाध आणतो, अशी ही दृष्टी आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, मांजराला कोंडणे हा कौटिल्याच्या मते दंडनीय अपराध होता. मात्र तो उंदरांचे भय असतानाच. संकटकाळासाठी सांगितलेला नियम पुढे सर्वकाळचा रिवाज कसा बनतो, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

धर्मशास्त्रातील मांजराची स्थिती याहून संमिश्र आहे. मनुस्मृतीत मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजराने तोंड लावलेले अन्न खाण्यालाही प्रायश्चित्त सांगितले आहे. गुरू व शिष्य यांच्यामधून मांजर गेले तर एक अहोरात्र अनध्याय पाळावा, असाही नियम तेथे आहे. मांजर आडवे गेले असता थबकण्याची आपली सवय आणि हा अनध्यायाचा नियम यांचे नाते असावे, असे मानण्यास जागा आहे. ढोंगी तपस्व्याला तर मनूने मांजराचीच उपमा दिली आहे. एकंदरीत, ज्याला मारता येत नाही आणि ज्याला स्वयंपाकघरात येऊ देता येत नाही, असा हा प्राणी ठरला. त्याचे स्थान उंबरठ्यावर निश्चित झाले ते असे. मांजर हातून मेले तर सोन्याचे मांजर काशीला वाहावे लागते, ही आपल्याकडील लोकसमजूत याच परंपरेतील आहे. ती अजूनही खेड्यापाड्यांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते.

२. मराठवाड्याचे घर आणि मांजर

ग्रंथांतील या अर्धवट प्रवेशाला मराठवाड्याच्या घरबांधणीने प्रत्यक्ष रूप दिले. बीड, केज, पाटोदा, आष्टी या भागांतील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळ्यावर मातीचे माळवद आणि उजेडासाठी व धुरासाठी त्या माळवदाला ठेवलेले साणे. दार लावले तरी साण्यातून मांजर आत येत असे आणि तेथूनच बाहेर जात असे. अशा घरात मांजराला कोंडणे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्याच घरात ज्वारी व बाजरी साठविण्याची बळदे आणि कणगी असत. जमिनीखाली पेव असे. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असे. भिंती मातीच्या असल्यामुळे उंदराला बीळ करणे सोपे, आणि धान्य त्याच भिंतींच्या आत असल्यामुळे बिळातून बाहेर पडण्याचीही त्याला गरज नसे. वर्षाचे धान्य ज्या घरात ठेवलेले आहे त्या घराला मांजर हवेच होते.

तथापि हे मांजर कोणाचे होते? घरधनीण त्याला मनी म्हणून हाक मारी, दुधात भाकरीचा तुकडा कुसकरून घाली. पण ते रात्री कोणाच्या माळवदावर असे हे तिलाही ठाऊक नसे. मांजर पिलांना सात घरे फिरविते, ही समजूत, तसेच शिंके आणि बोका, ताटाखालचे मांजर, डोळे मिटून दूध पिणे यांसारखे भाषेतील प्रयोग याच सहवासातून निघाले आहेत. त्यांचा बारकाईने विचार केला तर एक गोष्ट दिसून येते. या सर्व प्रयोगांत मांजर हे घरात वावरणारे आहे, परंतु विश्वासातले नाही. अन्न शिंक्यावर टांगावे लागते ते उंदरापासून जितके, तितकेच मांजरापासून. घर त्याचा उपयोग करून घेत होते आणि तेही घराचा उपयोग करून घेत होते. असा हा परस्परांच्या सोयीचा व्यवहार होता. जिव्हाळा त्यात नव्हता असे नाही. परंतु व्यवहार त्याच्यावर उभा नव्हता.

३. अमरावतीची मांजरमोजणी

या जुन्या व्यवहाराला आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर घासण्याचा प्रसंग प्लेगने आणला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढील सुमारे तीन दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या काळी मराठीत ज्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत, तो रोग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसास होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये प्रयोगाने दाखविले. प्रारंभी त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन मंडळाने केलेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. प्लेगच्या घरांत ठेवलेल्या गिनिपिगांपैकी ज्यांच्यापर्यंत पिसवा पोचू शकत त्यांना रोग होई; जमिनीपासून पुरेसे उंच टांगलेले वाचत, असे त्या प्रयोगांत आढळले.

याच वातावरणात वऱ्हाडात अमरावती येथे सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात मांजर हे प्लेगचे निवारक आहे, असा सिद्धांत मांडला. त्यांनी खेड्यांतील मांजरांची मोजणी केली आणि घरांच्या संख्येशी तिचे प्रमाण ताडून पाहिले. जेथे हे प्रमाण मोठे तेथे प्लेगचा उपद्रव नाही अथवा अल्प, असा त्यांचा निष्कर्ष होता. जिकडे तिकडे सापळे, विष आणि सक्तीचे निर्जंतुकीकरण यांचा बोलबाला असताना, गावकऱ्यांजवळ आधीपासून असलेल्या साधनाकडे या अधिकाऱ्याने लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील सक्तीने केवढा क्षोभ माजला आणि त्याची परिणती रँडच्या वधात कशी झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे घराची झडती न घेता साधणाऱ्या उपायाचे आकर्षण समजू शकते. विशेष असे की, अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी छापून प्रसिद्ध केली ती १९०९ मध्ये. म्हणजे ब्यूकॅनन यांच्या लेखानंतर. एकाच उपायापर्यंत हे दोघे स्वतंत्रपणे पोचले होते.

परंतु ब्यूकॅनन यांच्या अनुमानाची परीक्षा केली असता त्यात तीन उणिवा आढळतात. पहिली, कार्य आणि कारण यांची उलटापालट होण्याचा संभव. प्लेग आला की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. गाव ओस पडले की मांजरांना अन्न मिळेनासे होई, आणि ती पांगत अथवा मरत. अशा गावी नंतर मोजणी केली तर मांजरे थोडी दिसणारच. मांजरे थोडी म्हणून प्लेग आला की प्लेग आला म्हणून मांजरे थोडी झाली, हे एकदाच केलेल्या मोजणीवरून ठरविता येत नाही.

दुसरी उणीव परिमाणाची आहे. मांजरांची संख्या घरांच्या संख्येशी ताडली गेली. म्हणजे प्रत्येक मांजर एका घराचे मानले गेले. वर पाहिल्याप्रमाणे आपल्याकडील मांजर घराच्या हद्दीत राहणारे नव्हते. ते गावाचे होते. तेव्हा दर घरामागे मांजरे किती, या आकड्यातून कोणत्या घराचे रक्षण झाले ते कळत नाही.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची आहे. मांजराने उंदीर मारला तरी पिसू मरत नाही. उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडते आणि जवळचे उष्ण शरीर शोधते. ते शरीर मांजराचे असू शकते, किंवा मांजर ज्याच्या अंथरुणावर निजते त्या माणसाचे. पुढे प्लेगनिवारणात असा दंडकच पडला की, आधी कीटकनाशक टाकून पिसवा माराव्यात आणि मगच उंदरांचा संहार करावा. हा क्रम उलटला तर रोग वाढण्याची भीती असते. मांजराचा उपाय म्हणजे नेमका हा उलटा क्रम होय.

४. १९९४ चे बीड

आता मूळ क्षेत्राकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा मुख्य आघात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांवर झाला. परंतु दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांची धास्ती शेजारच्या बीडमध्येही बसली. लोक घरांबाहेर राहू लागले आणि धान्य घरांत राहिले. ओस घरांतील त्या धान्यावर उंदीर वाढले व रानातील आणि घरातील उंदरांचा संबंध आला, असे स्पष्टीकरण १९९४ च्या साथीसंबंधी दिले जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टात मामला गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि त्यानंतर ताप व गाठी असलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने कहर केला. तेथे सुमारे पन्नास माणसे दगावली, लाखो लोकांनी शहर सोडले, आणि परदेशांनी भारताशी वाहतूक व व्यापार यांवर निर्बंध घातले. हा रोग खरोखर प्लेगच होता काय, याविषयी बराच काळ वाद चालला. बीड व सुरत येथील नमुन्यांतून मिळालेल्या जंतूंची जनुकीय तपासणी करून तो प्लेगचाच जंतू असल्याचे भारतीय संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केले.

ही हकीकत सांगितली जाते ती उंदीर, पिसू आणि माणूस या तिघांची. मांजराचा विचार तीत सहसा होत नाही. तो करण्यास एक आधार आहे. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने शेतवाड्यांतील मांजरांचा अभ्यास करून १९५३ मध्ये असे दाखविले की, उंदीर आधी साफ केलेल्या वाड्यात मांजरे नवे उंदीर येऊ देत नाहीत. परंतु आधीच माजलेले उंदीर त्यांच्याने हटत नाहीत. हे रक्षणही इमारतींच्या निकटच्या टापूपुरतेच असते, आणि मांजराला रोज दूध घालून वाड्याशी बांधून ठेवले तरच ते टिकते. उपाशी मांजर अधिक शिकार करते, ही सर्वत्र प्रचलित असलेली समजूत यामुळे बाधित होते. उपाशी मांजर दूर भटकते एवढेच खरे.

हा नियम भूकंपोत्तर बीडला लावून पाहिला तर असा तर्क करता येतो की, ज्या महिन्यांत माणसे घराबाहेर होती त्या महिन्यांत मांजराची वाटीही बंद पडली असणार. धान्याला राखणदाराची गरज सर्वाधिक असतानाच राखणदाराला घराशी बांधणारा धागा तुटला असणार. हा केवळ तर्क आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यातून निघणारे तत्त्व पक्के आहे. मांजराचा उपयोग त्याच्या भटकण्यात नसून त्याच्या घराला धरून राहण्यात आहे. आपल्या परंपरेने मात्र मोकळेपणा हाच त्याचा गुण मानला.

न्यूयॉर्क शहरातील कचरा-पुनर्वापराच्या एका जागी केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणाने एल्टनच्या म्हणण्यास दुजोराच दिला आहे. तेथे उंदीर मुबलक होते आणि मोकाट मांजरेही होती. ७९ दिवसांच्या चित्रीकरणात मांजरांनी मारलेले उंदीर आढळले अवघे दोन. उंदीर मांजराला पाहून दडून बसतात. ते कमी झाले असे आपल्याला वाटते ते त्यामुळे.

५. मोकळ्या मांजराचा दुसरा चेहरा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत प्लेगचा जंतू रानातील कृंतकांमध्ये कायमचा वस्तीला आहे. तेथे १९७७ ते १९९८ या काळात पाळीव मांजरांमुळे माणसांना प्लेग झाल्याची २३ प्रकरणे नोंदली गेली; त्यांपैकी ५ माणसे मृत्यू पावली. मांजर बाहेर जाऊन रोगी कृंतक खाते, त्याला स्वतःलाच प्लेग होतो, जबड्याखाली गाठ येते किंवा फुप्फुसे बिघडतात. मग चाव्यातून, ओरखड्यातून, खोकल्यातून अथवा पिसवांमार्फत रोग घरात शिरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ओरेगॉन राज्यात आढळलेला रुग्णही आपल्या आजारी मांजरामुळे बाधित झाला असावा, असे तेथील आरोग्य खात्याने सांगितले. म्हणूनच अशा प्रदेशांत मांजर बाहेर सोडू नये, असा सल्ला तेथे दिला जातो. ज्याला ब्यूकॅनन यांनी प्लेगचा निवारक म्हटले, तोच प्राणी मोकळा असता प्लेगचा वाहक होऊ शकतो.

बीडच्या बाबतीत हा मुद्दा दूरचा समजू नये. १९९४ नंतरही २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात प्लेगचे रुग्ण आढळले. म्हणजे रोगाची बीजे देशातून नाहीशी झालेली नाहीत. रानातील उंदीर आणि घरातील उंदीर यांच्या जगांमध्ये रोज रात्री ये-जा करणारा, आणि सकाळी मुलांच्या पांघरुणात येऊन निजणारा प्राणी एकच आहे. याखेरीज पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरासारख्या ठिकाणी, जेथे मोरासारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेथे मोकाट मांजराचा उपद्रव त्यांच्या पिलांना होऊ शकतो, हेही विचारात घेतले पाहिजे.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही मांडणे न्याय्य होईल. मांजर हे हालचालीचे, उन्हाचे आणि शिकारीचे भुकेले जनावर आहे. त्याला एका खोलीत कोंडून ठेवणे यात क्रौर्य आहे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि बंद घरात राहणारे मांजर वाहने, कुत्री व विषबाधा यांपासून वाचते. गच्चीला जाळी, चढण्यास फळी, उन्हाची खिडकी आणि रोजचा थोडा खेळ एवढ्याने त्याची बरीचशी गरज भागविता येते. खेड्यातील माणसाची अडचण निराळी आहे. त्याच्या घराला अजून दारे-खिडक्या मोकळ्या आहेत आणि त्याचे धान्य अजून घरात आहे. त्याला शहरातील सदनिकेचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मांजराला मोकळे सोडण्याची आपली रीत धान्य, मातीची भिंत आणि उंदीर या त्रयीतून निर्माण झाली. तिच्या मुळाशी मांजराच्या सुखाचा विचार नव्हता. दुसरी, उंदीर हटविण्याचे खरे साधन मांजर नसून धान्याची बंदिस्ती होय. बळदाची जागा पत्र्याच्या कोठीने घेतली आणि भिंती सिमेंटच्या झाल्या, त्या दिवशी मांजराच्या नोकरीचे कारण संपले. मांजर त्यानंतरही घरी राहिले आहे ते केवळ माणसाच्या आवडीमुळे. ज्याला आपण कामासाठी नव्हे तर सोबतीसाठी ठेवतो, त्याचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य ठरते. कामकऱ्याला लावलेला मोकळेपणाचा नियम सोबत्याला लागू पडत नाही. तिसरी, जेथे धान्यासाठी मांजर अद्याप आवश्यक आहे तेथेही त्याला रोज खाऊ घालून कोठाराशी ठेवावे, रात्री आत घ्यावे, श्वानदंशाच्या रोगाची लस टोचून घ्यावी आणि त्याच्या अंगावर पिसवा होऊ देऊ नयेत.

यातील सर्वांत निकडीची सूचना बीडच्या अनुभवाने दिलेली आहे. प्लेगच्या वर्षांत आपल्या वडिलांना एक खूण ठाऊक होती : घरात कारणावाचून उंदीर मरून पडू लागला की गाव सोडावे. १९९४ च्या ऑगस्टात मामला गावी हीच खूण प्रथम दिसली. आज गाव सोडण्याची गरज नाही, कारण औषध आहे आणि कीटकनाशक आहे. परंतु असा उंदीर दिसताच त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, आणि त्याच क्षणी घरच्या मांजराला आत घेऊन दार लावावे. कौटिल्याने उंदरांचे भय उपस्थित होताच मांजर सोडण्यास सांगितले होते. त्याच्या काळी उंदराचे भय म्हणजे धान्याचे भय होते. पिसवेचे ज्ञान झाल्यानंतर तेच भय प्राणाचे झाले, आणि म्हणून उपायही उलटा झाला पाहिजे.